विचारून घे

सांगली, ४ ऑगस्ट २०२४

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून बोलायला गेले तर माझा आवाज ऐकताच फोन ठेवतोस. म्हणून पोस्टात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "राखी ना?" म्हटलं, राखीही आहे आणि पत्रही आहे. त्यांनी पाकीट हातात तोलून बघितलं आणि म्हणाल्या, "पत्रच जास्त दिसतंय."

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. यात्रेत मी तुझ्या मालकांच्या, हंबीररावांच्या पुतण्याला लग्नाला नको म्हटलं. आजही माझं उत्तर तेच आहे. साईराज वाईट आहे असं मी म्हटलं नव्हतं. मला आधी नोकरी करायची आहे, एवढंच म्हटलं. ते देवळामागच्या मांडवात, पाहुण्यांची ताटं वाढलेली असताना म्हटलं, हे खरं आहे. पण ताटं वाढण्याआधी मला कोणी विचारलंच नव्हतं. तू त्याच संध्याकाळी त्रिचीची गाडी धरलीस. आई स्टँडपर्यंत तुझ्या मागे आली होती, हे तुला माहीत आहे का?

आबांनी मला पुढच्या यात्रेपर्यंत वेळ दिला आहे. चैत्रात सोनं गाळायला परमुलखात गेलेले गलाईवाले सगळे गावी येतील, हंबीररावही येतील. तोवर नोकरी लागली तर हा विषय बंद. नाही लागली तर पुन्हा ताटं वाढायची. मी कबूल केलं. आबांच्या हातावर हात मारून कबूल केलं, म्हैस घेताना मारतात तसा.

मी सध्या सांगलीत आहे. खोलीत श्रद्धा म्हणून तासगावची मुलगी सोबत असते. आम्ही दोघींनी मेडिकल कोडिंगचा क्लास पुरा केला आणि त्याची परीक्षाही दिली, दोघी पास. तुला वाटेल हे काय नवीन. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून जे लिहितात, ते वाचून प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक उपचाराला ठरलेला क्रमांक द्यायचा. त्यावरून विमा कंपनी पैसे देते. गावात अंजनाआत्याला हे समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे तू डाक्टरीण व्हणार?"

"नाही गं आत्या. डॉक्टरांनी लिहिलेल्याला नंबर द्यायचे."

"म्हंजे तलाठी!"

आता शेजारी सगळ्यांना सांगत फिरते आहे, आकारामची पोरगी अमेरिकेची तलाठीण होणार म्हणून.

अडचण एकच आहे. जिथे जावं तिथे अनुभव मागतात. एक वर्ष, दोन वर्षं. नोकरी दिल्याशिवाय अनुभव कुठून आणायचा, हे कोणी सांगत नाही. मला तुझी आठवण येते ती इथे. दहावीनंतर तू त्रिचीला गेलास तेव्हा हंबीररावांनी तुला एकच विचारलं होतं, "कुणाचा रं तू?" आकारामचा म्हटल्यावर गाडीत बसवलं. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं वेगळं करायचं काम कोणी घरून शिकून जात नाही. आधी तू नुसतं दुकान झाडलंस, केरात सोन्याचा कण जाऊ नये म्हणून तो केरही जपून ठेवलास, आणि मग कधीतरी सोनं वितळवायच्या मुशीला हात लावलास. तुमच्यात ओळख लागते, अनुभव मागून येतो. आमच्यात अनुभव आधी लागतो आणि ओळख द्यायला कोणी नाही. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजातच गेलं नाही, तर ओळख असणार कोणाची?

पण मी लावून घेणार आहे. लिहून ठेव.

संयोगिता


सांगली, ६ सप्टेंबर २०२४

दादा,

मागचं पत्र परत आलं. राखीसकट. पाकिटावर मराठीत लिहिलं होतं, "येथे नाही." अक्षर हंबीररावांचं आहे. आपल्याकडे आलेल्या लग्नपत्रिकांवर ते मी लहानपणापासून बघते आहे.

आईला फोन केला. ती आधी उसाचं, मग भिंतीच्या ओलीचं, मग मांजराचं बोलली. शेवटी म्हणाली, "त्यानं दुकान बदललंय. आता दुसरीकडं भाड्यानं गाळा घेतलाय. पत्ता देती, पर तू कारण इचारू नगंस. लय इचारतीस तू."

कारण विचारायची गरजच नाही, दादा. मला कळलं. पुतण्याला नकार मिळाला, तो राग तुझ्यावर निघाला. ज्या माणसानं तुला हाताला धरून काम शिकवलं, त्याच्या दुकानातून माझ्यामुळे तुला बाहेर पडावं लागलं. तू मला काही सांगितलं नाहीस तरी मी एवढी अडाणी नाही.

हे पत्र नव्या पत्त्यावर पाठवते आहे. राखी तीच आहे. सण होऊन गेला तरी राखी शिळी होत नाही.

पुण्याला परीक्षा आणि मुलाखत देऊन आले. श्रद्धाही होती. तिथे संगणकावर पेशंटचे कागद देतात आणि कोड काढायला सांगतात. माझे एक सोडून सगळे बरोबर आले. जो चुकला तो असा. तिशीतली एक बाई, पाय मुरगळला म्हणून आलेली. तिच्या चालू गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन लिहिलं होतं. मी मुरगळलेल्या पायाचा कोड दिला आणि सोबत डायबेटिसचाही दिला.

मुलाखत घेणारा मुलगा माझ्याच वयाचा असेल. त्याने विचारलं, "हिला डायबेटिस आहे हे कुठे लिहिलंय?"

म्हटलं, "मेटफॉर्मिन चालू आहे ना सर."

"मी विचारलं, कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने सांगितलं, ही गोळी बायकांना पाळीच्या त्रासावरही देतात, हिला त्यासाठीच होती. ते मागच्या पानावर लिहिलेलं होतं आणि मी मागचं पान उघडलंही नव्हतं. का उघडीन? आपल्या आळीत कोणाच्याही घरात जा, ताकाच्या लोट्याशेजारी तीच पट्टी असते. मनुबाई, सुलाबाई, आबांचे चुलते, सगळ्यांच्या गोळ्या मीच वाचून देते. पट्टी बघितली की माझ्या तोंडून आपोआप "शुगर" निघतं. गावात ते कधी चुकलं नाही, म्हणून तिथे चुकलं.

तो वाईट बोलला नाही. म्हणाला, "अनुभव आला की या." श्रद्धालाही तेच म्हणाला आणि तिचं तर सगळं बरोबर होतं. एस. टी.त ती माझी समजूत काढत होती. मी तिला म्हटलं, तू स्वतःची काढ.

संयोगिता


सांगली, २० ऑक्टोबर २०२४

दादा,

नव्या पत्त्यावरून पत्र परत आलं नाही. म्हणजे ते तुला मिळालं. म्हणजे तू वाचलंस. म्हणजे उत्तर द्यायचं नाही असं तू ठरवलं आहेस. ठीक आहे. मी लिहीत राहणार.

आमच्या क्लासच्या सरांनी श्रद्धाला आणि मला बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मला शंका आली. त्यांच्या ओळखीची एक संस्था आहे, ती एक वर्ष काम केल्याचं पत्र देते. फोन करून चौकशी केली तर तिकडून कोणीतरी "हो, आमच्याकडे होत्या" असं सांगतंही. "सगळेच करतात," सर म्हणाले, "यात कोणाचं वाईट होत नाही. काम तर तुम्हाला येतंच."

काम येतं हे खरं आहे. तेच मला जास्त टोचलं. मी म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत की कागदात नाही ते लिहायचं नाही."

"ते पेशंटच्या कागदाचं, बाळ."

"मग माझ्या कागदाला वेगळा नियम का?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा तसाच ठेवून उठले. श्रद्धा थांबली. तिने ते पत्र घेतलं. तिचे वडील आजारी आहेत, घरी लहान भाऊ आहे. ते मला कळतं. पण खोलीत आता भाजी कोणती करायची एवढंच बोलणं होतं.

मला मोठं काहीतरी केल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही मी बिनअनुभवाचीच होते.

मग मी मिरजेला गेले. तिथे दवाखाने इतके आहेत की रिक्षावाले रस्त्याचं नाव विचारत नाहीत, आजार विचारतात. एका दवाखान्यात जुने केसपेपर लावून ठेवायचं काम मिळालं. ते कोडिंग नाही आणि कंपन्या ते अनुभवात धरत नाहीत. पण दिवसभर डॉक्टरांचं लिहिणं वाचायला मिळतं. आता मी प्रत्येक केसपेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. गोळी दिसली की मुद्दाम थांबते, आणि ती कशासाठी आहे हे कुठे लिहिलंय ते शोधते. सापडलं नाही तर, "माहीत नाही," असं स्वतःला मोठ्याने सांगते. शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, कुणाशी भांडतीस?"

हंबीररावांच्या घरून आबांना निरोप आला होता. "पोरगी अजून रिकामीच हाय न्हवं?" आबा म्हणाले, "यात्रंला बघू." आईने मला हे फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली, "मी काय म्हणत न्हाई. मी आपलं सांगितलं."

संयोगिता


सांगली, १५ डिसेंबर २०२४

दादा,

खोलीवर एक पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण शिक्का त्रिचीचा. आत कोडचं जाडजूड पुस्तक, मागच्या वर्षीचं, कोणीतरी वापरलेलं. पहिल्या पानावर तमिळमध्ये कोणाचं तरी नाव. बाहेरून गुंडाळलेला पुठ्ठा तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या खोक्याचा होता. त्याचा वास मला ओळखू येतो. सुट्टीत तू घरी यायचास तेव्हा तुझ्या शर्टाला तोच यायचा.

पत्र नव्हतं. मी पुस्तकाचं पान न् पान झटकलं.

माझ्या मनात काय काय आलं ते सांगते, हसू नकोस. आधी वाटलं, दादाचा राग गेला. मग वाटलं, राग असूनही पाठवलं, म्हणजे राग नव्हताच. मग वाटलं, नाही, हे आईने सांगून पाठवायला लावलं असणार. आणि मग एकदम पुण्याचा तो मुलगा आठवला. कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नाही. गोळी आहे, आजाराचं नाव नाही. मी पुन्हा तेच करायला निघाले होते.

म्हणून एवढंच लिहिते की पुस्तक मिळालं आणि मी ते रोज वापरते. तुझ्याकडे म्हणे कोडिंगच्या क्लासची गल्लीच आहे, तिथे अशी पुस्तकं रद्दीच्या भावात मिळतात, हे श्रद्धाने सांगितलं. (आम्ही पुन्हा बोलायला लागलो. पुस्तक बघून तिलाच राहवलं नाही.)

एक काम आहे. ज्याचं हे पुस्तक होतं त्या माणसाने समासात पेन्सिलीने खूप लिहिलंय. बाकीचं इंग्रजीत आहे, पण एक तमिळ शब्द पुन्हा पुन्हा येतो. डॉक्टरांनी एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळंच लिहिलं असेल तर काय करायचं, असे नियम जिथे आहेत, तिथे हा शब्द हमखास. एके ठिकाणी तर इतका जोर देऊन लिहिलाय की पान फाटलंय. मी पत्राच्या मागे तो चित्रासारखा काढला आहे. तू गिऱ्हाइकांशी तमिळ बोलतोस, तुला वाचता येत असेल. नसेल तर दुकानात कोणालाही दाखव.

उत्तर मला द्यायचं नसेल तर आईला सांग.

संयोगिता


सांगली, १९ जानेवारी २०२५

दादा,

आईचा फोन आला. संक्रांतीचे तिळगूळ करता करता बोलत होती. मध्येच म्हणाली, "आणि व्हय, दादानं एक सांगायला लावलंय. त्या शबुदाचा अर्थ म्हणं, 'विचारून घे'."

"अजून काय म्हणाला?"

"काय न्हाई. एवढंच. मीच म्हटलं, ही काय भानगड हाय? तर म्हणाला, तिला कळंल."

कळलं, दादा. जिथे कागद अडखळतो तिथे तो माणूस स्वतःला दरवेळी बजावत होता, विचारून घे. मनाने ठरवू नकोस. डॉक्टरांना विचार.

श्रद्धाला पुण्यात नोकरी लागली. सरांच्या त्या पत्रावरच लागली. ती पेढे घेऊन आली आणि दारात उभी राहिली, आत यावं की नाही अशी. मी पेढा खाल्ला. ती हुशार आहे, तिला नोकरी मिळायलाच हवी होती, आणि तरी मला वाईट वाटलं. दोन्ही खरं आहे. जाताना म्हणाली, "फोन वाजला की आधी नंबर बघते गं. कोणी चौकशी करतंय की काय असं वाटतं." मग खोलीचं अर्धं सामान गेलं आणि मला चूल, म्हणजे गॅस, एकटीला मोठा वाटायला लागला.

मी रडत बसलेली नाही. मोबाइलवर साताऱ्याच्या एका छोट्या कंपनीची जाहिरात होती. "अनुभवी कोडर हवेत." आधी मी ती सोडून देणार होते. मग पुन्हा वाचली. अनुभवी हवेत असं लिहिलंय. अनुभव नसलेल्यांनी फोन करू नये असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मी फोन केला.

पलीकडे एक बाई होत्या, वल्लरी मॅडम. म्हटलं, "मला अनुभव नाही. पण तुम्ही अनुभवी लोकांची जी परीक्षा घेता तीच माझी घ्याल का?"

त्यांनी माझं नाव विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही नेहमी असं सरळ विचारता?"

म्हटलं, "नाही मॅडम. आत्ताच शिकले."

पुढच्या महिन्यात जायचं आहे.

संयोगिता


सातारा, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

साताऱ्याच्या स्टँडवर बसून लिहिते आहे. सांगलीची गाडी यायला वेळ आहे आणि कागद मांडीवर धरला आहे, अक्षर सांभाळून घे.

पोवई नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे. खाली चष्म्याचं दुकान. परीक्षेला आम्ही चौघं होतो, बाकी तिघं नोकरी करून आलेले. त्यातला एक सारखा म्हणत होता, "चार्ट सोपे असतात, फक्त वेळ पुरत नाही."

एका चार्टात, म्हणजे पेशंटच्या कागदांत, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वरच्या नोंदीत उजवा गुडघा. ऑपरेशनच्या नोंदीत उजवा. घरी सोडतानाच्या कागदातही उजवा. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी डावा लिहिलं होतं. उजव्याचा कोड वेगळा, डाव्याचा वेगळा. मला माहीत होतं की उजवाच असणार. अगदी मेटफॉर्मिन बघून शुगर माहीत होती तसंच माहीत होतं. मी कोडची जागा रिकामी सोडली आणि खाली लिहिलं, "नोंदींमध्ये फरक आहे. ऑपरेशन कोणत्या गुडघ्याचं झालं, हे डॉक्टरांना विचारावं लागेल."

पेपर दिल्यावर बाहेर तिघं बोलत होते. तिघांनीही उजवा लिहिला होता. तो सोपे-चार्टवाला मला म्हणाला, "अहो, तीन ठिकाणी उजवा आहे की!" मी मनात म्हटलं, गुडघा काय मतं मोजून ठरवायचा?

मॅडमनी मला आत बोलावलं. गोऱ्या, बारीक, वाईच्या आहेत. माझा पेपर समोर होता.

"ही जागा रिकामी का?"

सांगितलं.

"वेळ कमी पडला म्हणून नाही ना?"

"नाही मॅडम. वेळ उरला होता. तेवढ्यात मी ती दोनदा भरली आणि दोनदा खोडली."

त्या हसल्या. "कामावर असताना हे सगळेच शिकतात, पण परीक्षेत रिकामी जागा सोडायचं धाडस कोणी करत नाही. मार्क जातील असं वाटतं. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

काय सांगणार? म्हटलं, "त्रिचीच्या एका माणसाने. मी त्यांना पाहिलेलं नाही. आणि माझ्या दादाने."

"तेही कोडर आहेत?"

"नाही. सोनं गाळतात."

मॅडमनी माझा पेपर बाजूला ठेवला. म्हणाल्या, पहिले काही महिने शिकाऊ म्हणून घेऊ, पगार कमी असेल, चालेल का. मी इतक्या जोरात हो म्हटलं की शेजारच्या केबिनमधल्या बाईंनी मान वर करून बघितलं.

एक तारखेपासून यायचं आहे. दादा, नोकरी लागली. ओळख नव्हती, खोटं पत्र नव्हतं, अनुभव नव्हता. तरी लागली.

गाडी आली.

सयू


सातारा, ३० मार्च २०२५

दादा,

आज गुढीपाडवा. सदर बझारात खोली मिळाली आहे, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. घरमालकीण शालूबाई, त्यांच्या गुढीला साखरेची माळ मी घातली. यात्रा आता जवळ आली.

आबांचं ऐकलंस का? हंबीररावांच्या घरून पुन्हा निरोप आला, "यात्रंत बोलणी करायला बसायचं का?" आबा म्हणाले, "पोरगी कामाला लागली. आता मला काय इचारता, तिला इचारा." आईने हे सांगताना दोनदा सांगितलं. अंजनाआत्याने गावात पेढे वाटले, अमेरिकेची तलाठीण रुजू झाली म्हणून.

कामाचं सांगते, कारण त्यावरूनच हे पत्र लिहायला बसले. मला क्वेरी लिहायला शिकवताहेत. कागदात गोंधळ असला की डॉक्टरांना जो प्रश्न पाठवतात त्याला इथे क्वेरी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी एका डॉक्टरांना लिहिलं, "पेशंटला न्यूमोनिया झाला होता ना?" मॅडमनी ते पाठवू दिलं नाही. म्हणाल्या, "हा प्रश्न नाही. हे उत्तर आहे, शेवटी प्रश्नचिन्ह लावलंय एवढंच. आपल्याला जे वाटतं ते समोरच्याच्या तोंडात घालायचं नाही. सगळे पर्याय मांडायचे. 'यातलं काही नाही, दुसरंच' हा पर्याय ठेवायचा. आणि 'सांगता येत नाही' हाही ठेवायचाच, कारण कधीकधी खरंच सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी तुला लिहिलेली पत्रं मनात पुन्हा वाचली. त्या तमिळ शब्दाचं सोडलं तर एकाही पत्रात मी तुला तुझ्याबद्दल काही विचारलेलं नाही. तू रागावलास, असं मी लिहिलं. तुला माझ्यामुळे काढलं, असं लिहिलं. उत्तर द्यायचं नाही असं तू ठरवलंस, असंही लिहिलं. आई म्हणते मी लय विचारते. खरं तर मी लय सांगते. "येथे नाही" या दोन शब्दांवरून मी तुझ्या आणि हंबीररावांच्या मधली सगळी गोष्ट रचली आणि सहा महिने होऊन गेले, ती खरी धरून बसले आहे. पट्टी बघून शुगर.

तर दादा, ही माझी क्वेरी. नीट लिहायचा प्रयत्न केला आहे. मॅडमना दाखवली नाही, पण त्यांनी पास केली असती.

प्रश्न: गेल्या यात्रेनंतर तू हंबीररावांच्या दुकानात नाहीस. कागदावर याचं कारण कुठेही लिहिलेलं नाही. कृपया कळवावं.

हंबीररावांनी जायला सांगितलं.

तू स्वतः सोडलंस.

दोघांनी मिळून ठरवलं.

यातलं काही नाही, कारण दुसरंच आहे. (खाली लिही.)

सांगता येत नाही.

जे असेल त्यावर खूण कर आणि हे पान परत पाठव. सोबत माझा पत्ता लिहिलेलं पाकीट आहे, तिकीट लावलेलं. "सांगता येत नाही" यावर खूण केलीस तर तेही उत्तरच आहे. मी ते तसंच धरीन, त्याच्या पुढचं काही लावणार नाही.

आणखी एक प्रश्न होता. तुझ्या यात्रेला येण्याचा. तो मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा खोडला. कसाही मांडला तरी त्यात माझं उत्तर दिसतंच. असा प्रश्न पाठवायचा नसतो, म्हणून तो पाठवत नाही.

त्याच्यासाठी जागा मात्र रिकामी सोडली आहे.

तुझी,
सयू